पोटातली भट्टी

आमच्या कारखान्यात पोट जळणं ही बढती होती.

बाहेरच्या माणसाला हे सांगितलं की त्याला हसू येतं. येऊ दे. आम्ही काच फुंकणारी माणसं. नवा माणूस कामाला लागला की आधी भट्टीसमोर होरपळतो, मग त्याचे गाल सुजतात, मग बोटांना फोड येतात. यातलं काही झालं तरी कोणी ढुंकून बघत नाही. पण एखाद्या दिवशी तो काम करता करता थांबला आणि छातीच्या खाली हात दाबून उभा राहिला, की उस्ताद मान वर करायचे.

"जळतंय?"

"हो."

"उपाशीपोटी जास्त?"

"हो."

मग सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणायचे, "याच्या पोटात भट्टी बसली." त्या दिवशी उस्ताद स्वतः त्याच्यासाठी एक छोटा पेला फुंकायचे. दुसऱ्या दिवशी त्या पेल्यातून सगळ्यांसमोर थंड दूध प्यायचं आणि पेला भिंतीवरच्या फळीवर ठेवायचा. पुढे कधीही जळजळलं की फळीवरून आपला पेला काढायचा आणि दूध ओतून घ्यायचं. ज्याचा पेला फळीवर नाही, तो दहा वर्षं जुना असला तरी आमच्यात शिकाऊच.

उस्ताद म्हणजे माझे सख्खे काका, बाबांचे धाकटे भाऊ. त्यांच्या आधी बाबा उस्ताद होते. बाबांचा निळसर पेला अजून फळीच्या टोकाला आहे, कोणी हलवत नाही. सात वर्षांपूर्वी ते पोटाच्या कॅन्सरनं गेले. शेवटी शेवटी चमचाभर पाणीही राहत नव्हतं. त्यांना पोचवायला आलेली माणसं एकमेकांना सांगत होती, "भट्टीनं नेलं उस्तादांना." बोलताना त्यांची मान ताठ होती, जणू बाबा लढाईत पडले. खरं सांगते, मलाही तेव्हा अभिमान वाटला होता. आज त्या अभिमानाची लाज वाटते.

माझा पेला लागला तेव्हा मी तिशीची होते. बाईमाणसाचा पेला त्या फळीवर पहिल्यांदाच लागत होता. मी दूध प्यायले, सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या, आणि मी दिवसभर अशी मिरवत होते की जणू कारखाना माझ्या नावावर झाला. पोटात आग पडली होती आणि बाई भाव खात होती.

फुंकणी कशी चालते ते सांगितल्याशिवाय पुढचं कळणार नाही. फुंकणी म्हणजे पाच फुटांची पोकळ लोखंडी नळी. आमच्या जोडीत तिघं, तरी म्हणायचं जोडीच. पहिला चिमटा. त्याचं खरं नाव त्याच्या बायकोलाही आठवून सांगावं लागेल, कमरेला कायम चिमटा खोचलेला असतो म्हणून चिमटा. तो भट्टीतून वितळलेल्या काचेचा गोळा नळीच्या टोकावर उचलतो, एक फुंकर मारून त्यात बुडबुडा सोडतो आणि नळी मला देतो. मी ती फिरवत फिरवत फुंकते, साच्यात घालते, फुगवते. तिथून नळी काकांकडे. शेवटची फुंकर आणि बरणीचा गळा त्यांचा. काच कोणासाठी थांबत नाही. तोंड लावायची जागा पुसायला दोन क्षण घेतले तरी गोळा वाकडा होतो. त्यामुळे चिमट्याच्या तोंडातली नळी माझ्या तोंडात, माझ्या तोंडातली काकांच्या तोंडात, दिवसाला दोनशे बरण्या. शेजारी तिघांची दुसरी जोडी, तिचंही तसंच. पाण्याचं पिंप एक आणि त्यावर साखळीनं बांधलेला मग एक.

आम्ही राहतोही तिथेच, कारखान्याच्या मागच्या खोल्यांत. सात कुटुंबं, एक नळ, वर एक टाकी. टाकीचं झाकण मी शाळेत असताना वाऱ्यानं उडालं ते अजून यायचं आहे.

तर माझा पेला लागून दोन वर्षं झाली आणि एका सकाळी साच्यापाशी मला घेरी आली. नळी चिमट्यानं वरच्यावर झेलली, म्हणून काच कोणाच्या अंगावर सांडली नाही. मला कोणी झेललं नाही, पण ते असो. आठवडाभर मला शौचाला काळं डांबरासारखं होत होतं आणि मी ते कोणाला सांगितलं नव्हतं. काकूनं माझ्या पापण्या ओढून बघितल्या, आत रंगच नव्हता. काकांना एक शब्दही न विचारता तिनं मला रिक्षात घातलं.

दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई माझ्याच वयाच्या, आवाज हळू आणि मान खाली घालून लिहिणाऱ्या. दोन दिवस ठेवून घेतलं. घशातून नळी घातली. आयुष्यभर मी नळीतून फुंकत आले, नळी आत घ्यायची वेळ पहिल्यांदाच आली. तिसऱ्या दिवशी त्या खाटेपाशी बसल्या.

"पोटात व्रण आहे. त्यातून रक्त जात होतं, ते थांबलंय. तिथे एक जंतू सापडलाय, त्याच्यामुळे झालंय हे."

"जंतू नाही," मी म्हटलं. "भट्टी आहे. आमच्याकडे सगळ्यांना असते."

त्यांनी लिहिणं थांबवलं. "सगळ्यांना म्हणजे?"

मी फळीची गोष्ट सांगितली. वाटलं होतं, बाई हसतील. त्या हसल्या नाहीत. किती पेले आहेत, कोण कुठे राहतं, पाणी कुठून येतं, एका खोलीत किती माणसं झोपतात, लहानपणी ताटं वेगळी होती का, असं एकेक विचारत गेल्या. आम्ही पाचजण एका खोलीत वाढलो आणि एका परातीतून जेवलो, हे सांगताना मला का कोण जाणे, गुन्हा कबूल केल्यासारखं वाटलं.

"लाजायचं काही नाही त्यात," त्या म्हणाल्या. "जगातल्या जवळजवळ निम्म्या माणसांच्या पोटात हा जंतू असतो. बहुतेकांना लहानपणीच लागतो. घरात एकाला असला की दुसऱ्याला लागायची शक्यता वाढते. खोलीत दाटी, पाणी खात्रीचं नाही, संडासाहून आल्यावर हात धुवायला साबण नाही, अशा ठिकाणी तो जास्त पसरतो. एकदा आला की औषध घेतल्याशिवाय सहसा जात नाही. पुष्कळांना जन्मभर काही त्रास होत नाही. थोड्यांना व्रण होतो."

"आणि भट्टीची धग? तिखट? काळजी?"

"धगीनं घाम येतो. तिखटानं आधीचा व्रण चुरचुरतो. पण हे काम जंतूचं."

मग मी बाबांचं काढलं. "माझ्या वडिलांना पोटाचा कॅन्सर झाला होता."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "हा जंतू वर्षानुवर्षं राहिला तर त्या कॅन्सरचा धोका वाढतो. ज्यांना असतो त्यांतल्या फार थोड्यांना होतो. तुमच्या वडिलांचं त्यानंच झालं असं आज मी छातीठोक सांगू शकत नाही. पण घरात असं झालेलं असेल तर रक्ताच्या नात्यातल्या सगळ्यांनी तपासून घ्यावं. आणि कोणालाही काळं डांबरासारखं झालं, तर एक दिवसही थांबायचं नाही."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. त्यांच्यावर नाही. दुधाच्या त्या पेल्यांवर, त्या टाळ्यांवर. बाबा दहा वर्षं पोट धरून दूध पीत होते आणि आम्ही त्यांना उस्ताद म्हणत होतो.

चौदा दिवसांच्या गोळ्या घेऊन घरी आले. तोंडाला सतत धातूची चव. आठव्या दिवशी अंगात जरा जीव आला तशी मी कारखान्यात गेले आणि जे होतं ते सगळ्यांसमोर सांगून टाकलं. भट्टी नाही, जंतू आहे, औषधानं जातो, तुम्ही सगळे तपासून घ्या. मला वाटलं होतं, माणसं सुटकेचा श्वास सोडतील.

चिमट्यानं हातातल्या नळीच्या टोकाकडे बघितलं आणि शर्टाच्या बाहीनं ते पुसलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा.

दुपारपर्यंत बातमी मालकांच्या कानावर गेली. आमचे मालक भट्टीभोवती जमिनीवर आखलेल्या पिवळ्या पट्ट्याच्या आत कधी येत नाहीत, बूट खराब होतात. पट्ट्यापलीकडून त्यांनी मला बोलावलं.

"आपण औषधाच्या बाटल्यासुद्धा करतो. बाहेर कळलं तर?"

"मालक, काच वितळते त्या उष्णतेत कुठला जंतू जगतो?"

"ते तू मला शिकवू नकोस. तू उद्यापासून पॅकिंगला."

मी काकांकडे बघितलं. ते बरणीचा गळा वळवत होते. बरणी कधीच झाली होती, तरी वळवत होते.

"काका?"

"मालकांनी सांगितलंय ना. मी काय करणार त्यात?"

मूग गिळून बसलेला उस्ताद मी त्या दिवशी पाहिला. संध्याकाळी बघितलं तर माझा पेला फळीवर नव्हता. आणि पिंपाशेजारी एक वेगळा मग होता, कानाला लाल दोरा बांधलेला. माझ्यासाठी.

पॅकिंग म्हणजे खोक्यांत भुसा भरायचा आणि दुसऱ्यांनी फुंकलेल्या बरण्या त्यात ठेवायच्या. वाईट काम नाही. पॅकिंगवाल्या मावशी ते पंचवीस वर्षं करतायत आणि मी त्यांच्याकडून अर्ध्या दिवसात निम्मंही शिकले नाही. पण माझ्या जागी, साच्यापाशी, दुसऱ्या जोडीतला एक जण आला होता आणि गोळा वाकडा करत होता. ते वीस फुटांवरून बघणं म्हणजे आपल्या घरात दुसऱ्या कोणी भाकरी करपवावी आणि आपण दारात उभं राहून वास घ्यावा, असं होतं. फुंकणी हे माझं काम होतं. माझ्या बापानं मला दुसरं काही ठेवलं नव्हतं आणि मला दुसरं काही नकोही होतं. बरी झाले, पण आणखी एक औषध बाकी आहे आणि ते मलाच करावं लागणार, हे मला चार दिवसांत कळलं.

पाचव्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत मी लाल दोऱ्याचा मग घेऊन भट्टीपाशी गेले. पिवळा पट्टा ओलांडून. दोरा सोडला आणि सगळ्यांच्या समोर भट्टीत टाकला.

"परवापर्यंत माझ्या पोटात भट्टी होती तेव्हा टाळ्या वाजवल्यात," मी म्हटलं. "आज तिला जंतू म्हणायचं ठरलं तर माझा पेला गायब. पोट तेच आहे, दुखणं तेच आहे. मग बदललं काय?"

"तसं नाही गं," चिमटा म्हणाला. "आम्हाला लेकरंबाळं आहेत."

"म्हणूनच सांगतेय ना. तुझी लेकरं त्याच टाकीचं पाणी पितात. मला हा एकटीला कुठून आला? आभाळातून? तुझ्या तोंडातली नळी माझ्या तोंडात यायची, माझ्यातली काकांच्या. मी जंतूवाली असले तर तुम्ही काय धुतलेले तांदूळ आहात? तपासून घ्या."

"घशातून नळी घालतात म्हणे," दुसऱ्या जोडीतून कोणी तरी पुटपुटलं.

"नाही. तपासायला फुंकायचं असतं."

हे ऐकून आठही माना वर झाल्या.

"सकाळी उपाशीपोटी जायचं. आधी पिशवीत फुंकायचं, मग एक आंबट पाणी देतात ते प्यायचं, अर्धा तास बसायचं, आणि पुन्हा पिशवीत फुंकायचं. झालं. पोटात जंतू असला तर श्वासात कळतो. पण राहू दे. तुम्हाला जमायचं नाही. छाती लागते त्याला."

हे शेवटचं मी मुद्दाम म्हटलं. या माणसांना मी लहानपणापासून ओळखते. ती घर विकतील, दात काढून देतील, पण फुंकायला छाती नाही असं म्हटलेलं ऐकून घेणार नाहीत. काका पहिल्यांदाच माझ्याकडे वळले.

"कुठे आहे ती पिशवी?" ते म्हणाले.

सुट्टीच्या दिवशी सकाळी आम्ही दवाखान्याच्या बाकांवर रांगेत बसलो. दोन जोड्या, तासकाम करणारे, म्हणजे बरण्यांच्या कडा घासणारे आजोबा, पॅकिंगवाल्या मावशी आणि कारकून, ज्याला आम्ही एक-मिनिट म्हणतो. कारण तो कशालाही तेच म्हणतो. माझ्याखेरीज आठजण. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, सावकाश फुंका, जोर लावायची गरज नाही. कोणाला सांगताय. चिमट्यानं पिशवी अशी टम्म फुगवली की झडप उडाली, नवी आणावी लागली. आजोबांनी गाल न फुगवता, पोटातून, जुन्या पद्धतीनं फुंकलं आणि आजूबाजूला दाद मिळतेय का ते बघितलं. काका सगळ्यात शेवटी. त्यांनी पिशवी हातात फिरवत फिरवत फुंकली, सवयीनं, जणू ती थंड होऊन वाकडी होईल.

तीन दिवसांनी निकाल आले. बाईंनी प्रत्येकाच्या हातात घडी घातलेला कागद दिला. "ज्याचा कागद त्याचा," त्या म्हणाल्या. "दाखवायचा की नाही ते तुमच्यावर. मी फक्त एवढं सांगते, आठांपैकी पाचजणांत निघालाय. तुमच्यासारख्या वस्तीत हे काही आश्चर्य नाही."

"नळीतून लागला का?" चिमट्यानं विचारलं.

"नळीतून की घरातून, हे आता कोणीच सांगू शकणार नाही. बहुतेक घरातूनच, लहानपणी. पण एकाच्या तोंडातलं दुसऱ्याच्या तोंडात जाऊ नये, एवढं कळायला यंत्र लागत नाही. आणि या पाचजणांना कामावरून उठवायचं काही कारण नाही. औषध घ्या, हात धुवा, तोंड लावायची वस्तू आपापली ठेवा."

बाहेर पायऱ्यांवर माझा कागद मी आधीच सगळ्यांना दाखवला होता, त्यामुळे आता त्यांना तोंड लपवायला जागा नव्हती. चिमट्यानं आपला उघडला आणि त्याचा चेहरा पडला. "माझ्या पोटात? मी लोखंड पचवतो. मला आयुष्यात ढेकरसुद्धा आली नाही." त्याच्या नावचा पेलाही फळीवर नव्हता, आणि हे दुःख त्याला पंधरा वर्षं होतं. तासकामवाले आजोबा, ज्यांचा पेला फळीवर तिसरा, त्यांच्यात जंतू नव्हताच. त्यांचं पोट गुडघेदुखीवर रोज घ्यायच्या गोळ्यांनी जळत होतं. मावशी, एक-मिनिट आणि आजोबा असे तिघं सुटले. चिमटा आणि दुसरी जोडी मिळून चौघांनी कागद दाखवले. काकांनी आपला कागद न उघडता खिशात घातला. पाचातून चार गेले की किती राहतात हे सगळ्यांना कळत होतं, आणि सगळे पायऱ्यांकडे बघत होते.

दुसऱ्या दिवशी मालक पट्ट्यापाशी आले. त्यांना कोणी सांगितलं माहीत नाही, पण आमच्या खोल्यांच्या भिंती पातळ आहेत.

"ज्यांच्यात निघालंय ते सगळे पॅकिंगला," ते म्हणाले. "औषध होईपर्यंत. बाहेरून माणसं आणतो मी. उस्ताद सोडून. उस्ताद राहतील."

"उस्ताद का राहतील?" मी खोक्यांमागून विचारलं.

"तू गप्प बस."

"नाही बसत. पाचजण आहेत मालक. त्यातले चारच काढताय तुम्ही. टाकीला झाकण नाही, हे आम्ही किती वेळा सांगितलं? नळ एक आहे, साबण कुठेच नाही. फुंकणीला प्रत्येकाचं वेगळं टोक लावता येतं, पितळेचं, फिरकीचं, दुसऱ्या कारखान्यांत असतं. तुम्ही जंतू काढायला निघालात की माणसं?"

मालकांनी माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. "उस्ताद, आवरा हिला. तुमची पुतणी आहे. भट्टी भरलेली आहे, काम सुरू करा."

काका उठले. मला वाटलं, आता ते येऊन मला दरडावतील, आणि मी ठरवलं होतं की आज त्यांनाही उलट बोलायचं. त्यांनी नळी कट्ट्यावर ठेवली. खिशातून कागद काढला, घडीच उघडली नव्हती अजून, तो उघडून नळीशेजारी ठेवला आणि वर एक लोखंडी तुकडा ठेवला, उडू नये म्हणून.

"पाचवा मी," ते म्हणाले.

आणि पिवळा पट्टा ओलांडून, मालकांच्या शेजारून, ते माझ्याकडे आले आणि उलट्या खोक्यावर बसले. तीस वर्षं भट्टीसमोर बसलेला माणूस भुशाच्या ढिगात. त्यांनी एक बरणी उचलली आणि मला विचारलं, "ही उभी ठेवायची की आडवी?"

चिमटा आला. मग दुसऱ्या जोडीतले तिघं. पॅकिंगला इतकी माणसं त्या कारखान्यानं कधी पाहिली नव्हती. मावशी म्हणाल्या, "सरका जरा, माझ्या पायावर बसलात." पट्ट्याच्या आत उरले फक्त आजोबा आणि एक-मिनिट. वितळलेली काच भट्टीत तशीच होती, लाल. जाळ न राखता ती जास्त वेळ ठेवली की घट्ट धरून बसते आणि ती वितळवायचं भांडं फुटतं, हे मालकांना आमच्याइतकंच ठाऊक होतं. त्यांनी आजोबांकडे बघितलं. आजोबांनी गुडघ्याकडे बोट दाखवलं. त्यांनी एक-मिनिटकडे बघितलं.

"एक मिनिट," तो म्हणाला आणि येऊन आमच्यात बसला.

आम्ही भुसा भरत राहिलो. मालक कचेरीत गेले, फोन केला, बाहेर आले, पुन्हा आत गेले. मला आतून इतकं हलकं वाटत होतं की भुशाचाही वास चांगला वाटला. शेजारी काका बसले होते. तेव्हा मी त्यांच्याकडे नीट बघितलं. भट्टीच्या उजेडात माणसाचा रंग कळत नाही, तिथे सगळेच लाल दिसतात. इथे खिडकीच्या पांढऱ्या उजेडात त्यांचा चेहरा भिंतीवरच्या चुन्यासारखा होता.

"काका, पापणी बघू."

"काही नाही झालेलं."

मी त्यांचं डोकं धरलं आणि खालची पापणी ओढली, काकूनं माझी ओढली होती तशी. आत रंग नव्हता.

"कधीपासून काळं होतंय?"

त्यांनी बरणी भुशात ठेवली, मग पुन्हा काढली. "दोन-तीन दिवस झाले. भट्टी म्हटल्यावर व्हायचंच थोडं." मग खाली बघत म्हणाले, "दादालाही असंच व्हायचं. मला त्यानं सांगितलं होतं. मीच त्याला म्हटलं, दूध घे."

मला तेव्हा त्यांचा इतका राग आला की हातातली बरणी फोडावीशी वाटली, आणि त्याच क्षणी इतकं रडू आलं की बरणी खाली ठेवावी लागली. मी उठले, भुसा झटकला आणि त्यांचा हात धरला.

तेवढ्यात मालक पट्ट्यापाशी आले. त्यांच्या बुटांना राख लागली होती, म्हणजे ते पट्टा ओलांडून भट्टीपर्यंत जाऊन आले होते.

"ठीक आहे," ते म्हणाले. "टोकं मागवली आहेत, उद्या येतील, प्रत्येकाला वेगळं. टाकीचं बघतो. आजच्या दिवस नळी पुसून घ्या, साबणाचं पाणी ठेवतो. आता या सगळे. तू पण. तुझी जागा तुझी, झालं समाधान? काच धरायला लागलीय."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. चिमट्यानं जाऊन कट्ट्यावरची नळी उचलली, साबणाच्या पाण्यात बुडवली, स्वच्छ फडक्यानं तिचं टोक पुसलं, दोनदा, आणि दोन्ही हातांवर आडवी धरून माझ्यासमोर उभा राहिला. तिच्यासाठी मी गेले पंधरा दिवस जळत होते. ती एका हाताच्या अंतरावर होती.

"चिमट्या, जोडी तू सांभाळ," मी म्हटलं. "माझी जागा मी येईपर्यंत कोणी घ्यायची नाही. आम्ही दवाखान्यात चाललोय."

"आत्ता?" मालक म्हणाले. "उद्या जा की. उस्तादांशिवाय गळे कोण करणार?"

"बिनगळ्याच्या विका."

काकांनी हात सोडवून घेतला. तोंड भट्टीकडे होतं त्यांचं. "पोरी, एवढा घाणा काढून जाऊ. तासाभराचं काम. काच थांबत नाही कोणासाठी."

"बाबाही हेच म्हणाले होते," मी म्हटलं. "तुमच्यासमोर."

मग त्यांनी डोक्याला बांधलेलं फडकं सोडलं, घडी करून कट्ट्यावर, आपल्या कागदाशेजारी ठेवलं, आणि माझ्यापुढे चालायला लागले. फळीखालून जाताना त्यांनी आपला पेला काढून घेतला. दारातल्या फुटक्या काचांच्या पिंपात तो टाकला आणि रिक्षाला हात केला.